वॉशिंग मशीनचे पाणी घरभर झाल्यावर: विश्रामबागेतील घर वाळवण्याच्या एका सेवेविषयी

सांगलीत घरात पाणी शिरले असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात कृष्णेचा पूरच येतो. आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोक्याची पातळी इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले तेव्हाचा मारुती रोड आणि हरभट रोड ज्यांनी पाहिला आहे, त्यांना चिखल कसा काढायचा, काय फेकायचे आणि काय राखायचे हे कोणी शिकवावे लागत नाही. मात्र नदीपासून दूर, विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर घरातल्याच यंत्राच्या नळीतून आलेले स्वच्छ पाणी आपण फारसे मनावर घेत नाही. फडक्याने पुसले, बादलीत पिळले, पंखे लावून दिले आणि फरशी कोरडी दिसली की काम संपले असे मानतो. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत भिंतीला पोपडे येतात, स्कर्टिंगच्या वर लोणा फुटतो, ट्रॉलीचे दार घासू लागते, आणि मग त्याचा दोष रंगाला किंवा बिल्डरला दिला जातो. या लेखात ज्या सेवेविषयी लिहिते आहे, त्यांनी पाणी उपसले हे तर खरेच, पण मला त्यांचे खरे मोल वाटते ते वेगळ्याच कारणासाठी: घर वाळले आहे की नाही हे ते मोजून सांगतात, आणि मापे समाधानकारक येईपर्यंत घरमालकाने कितीही घाई केली तरी पुढचे काम करू देत नाहीत.

ही सेवा मुळात एका मोटार वाइंडिंगच्या, म्हणजे मोटारीतल्या तारेची गुंडाळी भरून देणाऱ्या, दुकानाची आहे. शंभर फुटी रस्त्याच्या आतल्या बाजूला, शेतातली मोटार जळली की भरायला टाकायचे हे दुकान. आजूबाजूचे लोक त्याला पाटीवरच्या नावाने ओळखत नाहीत, ‘मोटारवाले अण्णा’ एवढेच म्हणतात. पुरानंतर बुडालेल्या मोटारी, फ्रिजचे कॉम्प्रेसर, पिठाच्या गिरण्या आणि मिक्सर यांची रांग त्यांच्या दारात लागली, तेव्हा वाइंडिंग वाळवण्याची भट्टी दिवसरात्र चालवावी लागली. ‘मोटार वाळवून दिली, पण ती ज्या खोलीत परत बसवायची ती खोलीच ओली’ असे वारंवार दिसू लागल्यावर त्यांनी पाणी ओढणारे मोठे व्हॅक्यूम यंत्र, हवेतील दमटपणा काढणारे डिह्युमिडिफायर आणि ओल मोजणारी मीटरे घेतली. आता दुकान धाकटा भाऊ पाहतो आणि घरे वाळवण्याचे काम अण्णा स्वतः करतात. मोटारीचा माणूस असल्यामुळे ‘हाताला कोरडे लागते’ या पुराव्यावर त्यांचा मुळीच विश्वास नाही, आणि त्यांच्या कामाचा सगळा दर्जा मला याच सवयीतून आलेला वाटतो.

आमच्याकडे जे घडले ते अनेक घरांत घडू शकते, म्हणून त्याचे कारण थोडे सविस्तर सांगते. वॉशिंग मशीन ड्राय बाल्कनीत आहे. मशीनची पाण्याची नळी तिथल्या बिब कॉकला, म्हणजे साध्या तोटीच्या नळाला, जोडलेली होती, आणि कंपनीच्या माणसाने ती चार स्क्रूंच्या प्लॅस्टिक अडॅप्टरने बसवली होती. या अडॅप्टरची पकड फक्त त्या चार स्क्रूंच्या टोकांवर असते. नळाचे तोंड गुळगुळीत असेल, आतले रबर कडक झाले असेल आणि दाब वाढला, तर तो हळूहळू सरकत जाऊन एके दिवशी सरळ निसटतो. मशीन बंद असले तरी तोटी उघडी असेल तर नळीवर दाब कायम असतो, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. टाकी जितकी उंच तितका दाब जास्त, साधारण दर दहा मीटर उंचीला चौरस सेंटीमीटरमागे एक किलो, आणि इमारतीत प्रेशर पंप असेल तर त्याची भर वेगळीच. आम्ही कराडला नातेवाइकांकडे गेलो असताना अडॅप्टर निसटला. अर्धा इंची नळातून मिनिटाला दहा लिटर पाणी येते असे धरले, तरी हजार लिटरची टाकी पावणेदोन तासांच्या आत रिकामी होते. बाल्कनीतला नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतले जाळीचे निचऱ्याचे तोंड, हे पाणी वाहून नेऊ शकला असता, परंतु मशीनच्या आउटलेटमधून येणाऱ्या कपड्यांच्या धाग्यांनी त्याची जाळी बुजलेली होती. त्यामुळे पाणी उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात, तिथून पॅसेजमध्ये आणि हॉलच्या कडेपर्यंत गेले.

दूरध्वनीवर अण्णांनी पहिला प्रश्न पाण्याविषयी विचारलाच नाही. “ताई, मेन बंद आहे का? पाण्यात उभं राहून बटणाला हात लावू नका. बोर्डापर्यंतची वाट कोरडी असली तरच एमसीबी पाडा, नाहीतर वॉचमनला खालून मीटरपाशी बंद करायला सांगा.” घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेला आहे का, तो पडला आहे का, हेही त्यांनी विचारले. ज्या घरात तो नाही त्या घरात वायरमनने वीज तोडल्याची खात्री करून घेतल्याशिवाय त्यांची माणसे पाऊल ठेवत नाहीत, हे नंतर कळले. ही शिस्त मला फार महत्त्वाची वाटली, कारण घाबरलेल्या घरात पहिली धाव असते ती फ्रिज सरकवण्याकडे किंवा पंखा लावण्याकडे, आणि धोका नेमका तिथेच असतो.

आल्यावर त्यांनी उभे पाणी व्हॅक्यूमने ओढून घेतले. घरातला नेहमीचा व्हॅक्यूम क्लीनर या कामाला कधीही वापरू नये, कारण त्याची मोटार पाण्यासाठी केलेली नसते. पुसण्यापेक्षा ओढून घेण्याचा फायदा कडेला दिसतो: स्कर्टिंगच्या मागची फट, ट्रॉलीखालची पोकळी, उंबऱ्याच्या खालची सांध अशा ठिकाणचे पाणी फडक्याला सापडत नाही. त्यानंतर त्यांनी एका लाकडी दांडक्याने फरश्या वाजवून पाहिल्या. जिथे आवाज पोकळ येत होता तिथे खडूने खुणा केल्या, कारण फरशीखालच्या मसाल्यात जागा असेल तर पाणी तिथे साठून राहते आणि सांध्यांमधून हळूहळू झिरपत खालच्या घरी जाते.

खालच्या घरी ते गेलेलेच होते. काकूंच्या हॉलमध्ये पीओपीच्या छताला फुगवटा आला होता आणि पंख्याच्या हुकापाशी थेंब लागले होते. पंख्यातून पाणी येते म्हणजे बरोबर वरच गळते आहे, असा सगळ्यांचा समज झाला होता. अण्णांनी तो दूर केला. स्लॅबमध्ये वायरिंगचे पाइप आडवे टाकलेले असतात, पाणी त्यांत शिरले की पाइपातूनच वाट काढत दिव्याच्या किंवा पंख्याच्या पॉइंटवर बाहेर पडते, आणि मूळ जागा चार-पाच हात लांब असू शकते. त्या खोलीची वीज बंद करून, खाली बादली धरून, फुगवट्याच्या सर्वांत खालच्या भागाला त्यांनी पेचकसाने बारीक भोक पाडले. काकूंना ते प्रथम पटले नव्हते. आपले छत मुद्दाम कोणी फोडते आहे हे पाहणे कोणालाही जड जाईल. पण साठलेल्या पाण्याच्या वजनाने जिप्समचा अख्खा तुकडा कोसळण्यापेक्षा एक भोक बुजवणे कितीतरी सोपे, हे त्यांनी शांतपणे समजावले. पंख्याचा पॉइंट पूर्ण वाळून तपासून होईपर्यंत त्याचे बटण चिकटपट्टीने बंद करून ठेवले आणि त्यावर तारीख लिहिली. वरच्या आणि खालच्या घरांत अशा प्रसंगी जो कडवटपणा येतो, तो आमच्यात आला नाही याचे बरेचसे श्रेय मी या समजावून सांगण्याला देते.

यंत्रांच्या बाबतीत त्यांचा नियम एकच आहे: भिजलेले यंत्र चालू होते का हे पाहण्यासाठी चालू करायचे नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि त्याची जोडणी मागे अगदी खाली असते, वॉशिंग मशीनचा तळ उघडा असतो, आणि ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यातला मिक्सर तर पाण्यातच बसलेला होता. पाणी शिरलेल्या यंत्राला वीज दिली तर वाळवून वाचू शकणारे वाइंडिंगही जळते. अण्णांनी प्रत्येक यंत्र आडोशाला घेऊन, जिथे इलेक्ट्रॉनिक बोर्ड आहे तिथे त्याची जोडणी आधी सोडवून, ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वीज कुठे गळते का हे मोजणाऱ्या मीटरने, इन्सुलेशन तपासले. बोर्ड जोडलेला ठेवून मेगर लावला तर बोर्ड जाण्याची शक्यता असते, आणि ही काळजी घेताना मी फार थोड्या दुरुस्तीवाल्यांना पाहिले आहे. फ्रिज पहिल्याच तपासणीत चांगला निघाला. मिक्सरचा आकडा एक मेगाओहमच्या खाली होता, म्हणून तो दुकानातल्या भट्टीत वाळवून, वार्निश देऊन परत आणला, आणि त्यानंतरचे माप आमच्यासमोरच घेऊन दाखवले.

यापुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो आहे भिंतीचे मोजमाप. त्यांच्याकडचे मीटर हाताच्या पंजाएवढे असून त्याला दोन बारीक सुया असतात. सुया गिलाव्याला टेकवल्या की त्यांच्यामधून जाणाऱ्या विजेला किती अडथळा होतो यावरून ओलीचा अंदाज मिळतो. असे मीटर मुळात लाकडासाठी जुळवलेले असते, त्यामुळे भिंतीवर दिसणारा आकडा म्हणजे ओलीची खरी टक्केवारी नव्हे. त्याचा उपयोग तुलनेसाठी होतो. म्हणून अण्णांनी आधी पाणी न पोहोचलेल्या झोपायच्या खोलीतल्या आतल्या भिंतीचे माप घेतले आणि ‘ही आपली कोरडी भिंत’ असे वहीत लिहिले. मग पॅसेजच्या भिंतीवर जमिनीपासून वीत, दोन विती, हात अशा अंतरांवर सुया टेकवत ते वर गेले. जमिनीवर पाणी जेमतेम बोटभर होते, परंतु गिलाव्याने ते हातभर उंच ओढून घेतले होते. डोळ्यांना भिंत स्वच्छ दिसत होती, हाताला थोडी गार लागत होती, एवढेच. प्रत्येक जागी पेन्सिलीने बारीक गोल काढून त्यात आकडा आणि तारीख लिहिली गेली. पुढच्या प्रत्येक फेरीत त्याच गोलांत नवे आकडे पडत गेले, आणि ते वाचताना भिंत वरून खाली वाळत येते आहे हे कोणालाही समजत होते. कॅमेऱ्याने काढलेली रंगीत चित्रे आणि छापील अहवाल देणाऱ्या सेवा पुण्यात असतील, पण भिंतीवरच लिहिलेले आकडे घरातल्या प्रत्येकाला दिसतात, हे मला जास्त प्रामाणिक वाटते.

स्कर्टिंगच्या काही फरश्या त्यांनी अलगद काढून घेतल्या. चकचकीत फरशीतून ओल बाहेर येऊ शकत नाही, तिच्यामागचा गिलावा कोंडलेला राहतो, आणि पाण्याबरोबर आलेले क्षार मग फरशीच्या वरच्या कडेला येऊन पांढरे फुटतात. निघालेल्या प्रत्येक फरशीच्या पाठीवर क्रमांक टाकून ठेवल्यामुळे परत बसवताना एकही तुकडा नवा घ्यावा लागला नाही.

वाळवण्याच्या पद्धतीविषयी आपल्याकडे एक पक्की समजूत आहे की खिडक्या सताड उघडाव्यात. कोरड्या उन्हाळ्यात ती बरोबरच आहे. परंतु आषाढात, सांगलीत पाऊस कोकणाएवढा नसला तरी हवा दमट असते, आणि उघड्या खिडकीतून घरात ओलच येत राहते. डिह्युमिडिफायरमध्ये थंड केलेल्या नळ्यांवरून हवा खेचली जाते, तिच्यातली वाफ थेंब होऊन खाली जमा होते आणि कोरडी हवा परत खोलीत सोडली जाते. त्यामुळे यंत्र चालू असताना दारे-खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर ते बाहेरचीच हवा वाळवत बसते. यंत्रावर लिहिलेली क्षमता बहुधा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेली असते. खोली वाळत जाते तसे जमणारे पाणीही कमी होत जाते. आमच्या घरी बादली भरायचा वेग मंदावला तेव्हा यंत्र बिघडले अशी शंका आली होती. अण्णांनी सांगितले की हीच चांगली खूण आहे, आणि भिंतीवरच्या आकड्यांनी ती खरी ठरवली. यंत्राची नळी त्यांनी थेट बाल्कनीच्या ट्रॅपमध्ये सोडून दिल्यामुळे रात्री उठून बादली ओतण्याचा त्रास राहिला नाही. पंखे होते, पण छताचे नव्हेत. जमिनीलगत ठेवून भिंतीच्या कडेने हवा वाहील असे लावलेले होते. हॅलोजन किंवा रूम हीटर भिंतीला लावण्याची सूचना एका शेजाऱ्यांनी केली होती, तिला त्यांनी स्पष्ट नकार दिला. एकाच जागी जोराची उष्णता दिली की वरचा थर घाईने सुकतो आणि तडकतो, आतली ओल मात्र तशीच राहते.

वेळेचे महत्त्व त्यांनी एका वाक्यात सांगितले होते: पहिले दोन दिवस बुरशीच्या आधी पोहोचायचे, नंतरचे सगळे दिवस धीराचे. भिजलेल्या लाकडावर, कागदावर, गाद्यांवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू शकते, म्हणून सतरंजी, पुठ्ठ्याची खोकी आणि सोफ्याखालचे कापड पहिल्याच दिवशी बाहेर निघाले. जिथे काळे ठिपके आधीच दिसत होते, म्हणजे ट्रॉलीच्या पाठीमागे, तिथे कोरडा ब्रश मारू दिला नाही. मास्क लावून, साबणाच्या पाण्याने भिजवून पुसून घेतले, कारण कोरडे खरवडले की बुरशीचे कण घरभर उडतात.

रंगाचा प्रसंग मुद्दाम नोंदवते. घरात लवकरच पाहुणे येणार होते आणि भिंती कोरड्या दिसत होत्या, त्यामुळे रंगाऱ्याला बोलावण्याचा विचार पक्का होत आला होता. एका रंगकाम करणाऱ्याने वॉटरप्रूफ प्रायमर मारून देतो, काही होणार नाही, अशी हमीही दिली होती. अण्णा मीटर घेऊन आले, पॅसेजच्या खालच्या दोन गोलांतले आकडे मोठ्याने वाचले आणि म्हणाले, “भिंत अजून ओली आहे ताई. वरनं रंग दिला तर पाणी आत कोंडंल, आणि दिवाळीला पोपडे दिसतील. मला चार दिवस भाडं जास्त मिळावं म्हणून सांगत नाही. पाहिजे तर यंत्र आज घेऊन जातो, पण रंग देऊ नका.” आणि खरोखरच त्यांनी यंत्र उचलून नेले, कारण उरलेली ओल नुसत्या हवेने जाण्याजोगी होती. भाडे बुडवून योग्य सल्ला देणारा माणूस भेटणे ही मी फार मोठी गोष्ट मानते.

लाकूडकामाविषयी त्यांचे मत कठोर आहे आणि मला ते मान्य आहे. पार्टिकल बोर्डच्या ट्रॉलीच्या बाजू एकदा फुगल्या की त्या पूर्ववत होत नाहीत. भुसा आणि डिंक यांचा तो दाबलेला थर पाणी पिऊन सुटतो आणि वाळल्यावर सुटलेलाच राहतो. त्यावर वाळवणीचा खर्च करू नका, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. सिंकखालची चौकट मात्र मरीन प्लायची होती आणि ती जवळजवळ निर्धोक राहिली. नवे काम करून घेताना सुताराच्या तोंडी ‘वॉटरप्रूफ’ शब्दावर न जाता प्लायवर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का पाहावा, कारण आयएस ३०३ खाली येणारे एमआर प्रतीचे प्लाय दमटपणा सोसते, पण साचलेले पाणी सोसत नाही. ट्रॉली जमिनीला टेकवून न बसवता स्टीलच्या पायांवर उचलून बसवावी, म्हणजे खाली पाणी आले तर दिसते आणि पुसताही येते, ही त्यांची दुसरी सूचना होती.

शेवटच्या फेरीत घरातली पाण्याशी संबंधित सगळी यंत्रे तपासून देणे हा त्यांच्या सेवेचाच भाग आहे, आणि त्यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत. वॉशिंग मशीनसाठी बिब कॉक काढून पाऊण इंची आट्यांचा नळ बसवला, ज्यावर नळीचे नट थेट फिरते आणि अडॅप्टरची गरजच उरत नाही. नळीतले वायसर बदलले, आणि रबरी नळी चांगली दिसली तरी चार-पाच वर्षांनी बदलावी असे बजावले. फ्रिजखाली अधूनमधून दिसणारे पाणी बहुतेक वेळा मागच्या बारीक निचऱ्याच्या भोकात अन्नाचा कण अडकल्याने येते. डीफ्रॉस्टचे पाणी मग मागच्या ट्रेमध्ये न जाता आत साठून दारातून उतरते. एसीच्या पाण्याची नळी कुठेही वर चढता कामा नये आणि उन्हाळ्याआधी तिच्यातले शेवाळ काढावे. आरओच्या पाव इंची नळीवर आणि फिल्टरच्या गोल रबरी रिंगवर त्यांनी जास्त वेळ दिला, कारण तिथली गळती थेंबाथेंबाची असते, ओट्यामागे भिंतीत जिरते आणि महिनोन्महिने कळत नाही. एकदम सांडलेल्या पाण्यापेक्षा अशी गळती घराचे अधिक नुकसान करते. गीझर तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे थेंब पडणे स्वाभाविक असते, कारण पाणी तापून प्रसरण पावते. पण बंद असतानाही धार लागली तर व्हॉल्व्ह किंवा दाब तपासावा, आणि टाकीच गंजून गळू लागली असेल तर ठिगळ न लावता गीझर बदलावा.

खर्चाचे बिल त्यांनी सुटे सुटे लिहून दिले: पाणी ओढण्याचे एकरकमी, यंत्राचे भाडे दिवसाचे, यंत्रतपासणी नगावर, आणि मोजमापाच्या फेऱ्या विनामूल्य. विजेचा खर्च आपला असतो हे मात्र आधी लक्षात घ्यावे. ५०० वॅटचे यंत्र अखंड चालले तर दिवसाला बारा युनिट होतात, पंख्यांचे वेगळे. बिलासोबत मोजमापाच्या वहीच्या पानांची प्रत आणि पहिल्या दिवशीची छायाचित्रे दिली, त्यांचा उपयोग विम्यासाठी होतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांनी देऊ केलेल्या भारत गृह रक्षा या प्रमाणित पॉलिसीत पाण्याच्या टाक्या, उपकरणे आणि पाइप फुटणे किंवा भरून वाहणे ही जोखीम समाविष्ट आहे; मात्र केवळ जुनेपणामुळे झालेली झीज तीत येत नाही, म्हणून काय निसटले, केव्हा निसटले आणि पाणी कुठवर गेले याची तारखेसह नोंद हाती असणे आवश्यक ठरते. मशीन बसवणाऱ्या कंपनीने ‘नळापर्यंतचे काम आमचे नाही’ असे उत्तर दिले. अडॅप्टर त्यांच्याच माणसाने बसवला असल्यामुळे आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. त्यांच्याकडे मोठी यंत्रे मोजकी आहेत, त्यामुळे पावसाळ्यात ताबडतोब मिळतीलच याची खात्री नसते. येण्याची वेळ सकाळची सांगितली तर दुपार धरून चालावी. दुकानात शेतकऱ्याची मोटार आली की ते तिला आधी हात घालतात, आणि पिकाला पाणी थांबलेले असताना ते चूक आहे असे मला म्हणवत नाही, तरी निदान फोन करून कळवायला हवे. डिह्युमिडिफायरचा आवाज मोठा आहे. लहान मूल किंवा आजारी माणूस घरात असेल तर त्या खोलीत झोपणे अवघड. वहीतले अक्षर वाचायला कष्ट पडतात, आणि विमा कंपनीला द्यायच्या प्रतीसाठी तरी त्यांनी टंकलिखित नमुना ठेवावा. कामाची लेखी हमीही ते देत नाहीत.

ज्यांच्याकडे बादलीभर पाणी सांडले आहे आणि ते लगेच पुसले गेले आहे, त्यांनी त्यांना बोलावण्याचे कारण नाही. पाणी काही तास उभे राहिले असेल, खालच्या घरी उतरले असेल किंवा गळती किती दिवसांची आहे हे ठाऊक नसेल, तर मात्र रंगारी आणि सुतार यांच्या आधी यांनाच बोलवावे. सुतारकाम ते करत नाहीत आणि कोणाची शिफारसही करत नाहीत. आमच्या पॅसेजला रंग देऊन झाला आहे. ओट्याखालच्या भिंतीचे एक माप अजून कोरड्या भिंतीच्या बरोबरीला आलेले नाही, त्यामुळे नव्या ट्रॉलीचे काम अण्णांनी ते माप पुन्हा घेतल्यानंतरच सुताराकडे द्यायचे ठरवले आहे.